आंदान्तेची चाल

यमुनावहिनी कांदा चिरता चिरता इटालियन बोलायच्या. ‘क्रेशेंदो’ म्हणताना त्यांचा आवाज चढत जायचा आणि ‘पियानो’ म्हणताना इतका खाली यायचा, की भिंतीपलीकडे मला तो ऐकूच येत नसे. भातसानगरच्या वसाहतीत आम्ही शेजारी. त्यांचे यजमान मधुकरभाऊ धरणाच्या दरवाजांवर कामाला होते, मी शेणव्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे.

शहापूरच्या बाजाराला गेल्या असताना एका खिडकीतून व्हायोलिन ऐकू आलं आणि वहिनी पिशव्या घेऊन तशाच जिना चढल्या. तिथल्या सरांना त्यांनी विचारलं, मोठ्या बाईला शिकवाल का? पन्नाशी उलटलेली, शिक्षण सातवीपर्यंत. वर्गात बाकी सगळी इंग्रजी शाळांतली मुलं. पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वरलिपीवर जागोजाग इटालियन शब्द होते. पहिल्या दिवशी त्या शब्दांपाशी सगळेच अडखळले. वहिनी घरी आल्या त्या खुशीतच. म्हणाल्या, “इंग्रजी असती तर मी मागं पडले असते. ही भाषा तिथं कोणालाच येत नाय. आमी सगळी सारखीच.”

पुस्तकात अर्थ इंग्रजीत दिलेले, म्हणून ते विचारायला त्या माझ्याकडे यायच्या. ‘आंदान्ते’चा अर्थ मी वाचून दाखवला: चालण्याच्या गतीनं.

“कोणाच्या?” त्यांनी विचारलं. “डोईवर मोळी घेतलेल्या बाईच्या, का मोकळ्या हातानं चाललेल्या?”

“ते पुस्तकात नाही,” मी म्हटलं. त्यांनी सरांना तेच विचारलं, तेव्हा सर म्हणाले, ते वाजवणाऱ्यानं ठरवायचं; फक्त रेंगाळायचं नाही आणि धावायचं नाही. मग कितीतरी संध्याकाळी वहिनी धरणाच्या रस्त्यावर चालून यायच्या आणि पायांतली ती लय जायच्या आत व्हायोलिन काढून बसायच्या.

सरांनी त्यांचं नाव परदेशी संस्थेच्या व्हायोलिन-परीक्षेला घातलं, तेव्हा मधुकरभाऊ नाराज झाले. या वयात नापास झालीस तर वसाहत हसेल, असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी शांतपणे सांगितलं, “हसू दे. मला कळलंय का नाय, ते मला बघायचंय.”

परीक्षा कल्याणला होती. परीक्षक परदेशी. दुभाषी म्हणून मी सोबत गेले, पण मला आत सोडलं नाही. दाराला काच होती, त्यातून मी बघत राहिले. वहिनींनी वाजवलं. मग परीक्षकांनी स्वरलिपीतल्या एका शब्दावर बोट ठेवून काहीतरी विचारलं. वहिनींनी वाकून तो शब्द पाहिला.

मग त्यांनी व्हायोलिन टेबलावर ठेवलं, पदर खोचला आणि त्या चालू लागल्या. ताठ मानेनं, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. परत येऊन त्यांनी व्हायोलिन उचललं आणि सुरुवातीची ओळ त्याच चालीत वाजवली. परीक्षक हसले आणि त्यांनी दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. या वेळी वहिनींनी एकच सूर धरला आणि तो विझेपर्यंत हळू हळू बारीक करत नेला.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, “त्यांच्या बोलण्यातलं मला काय बी कळलं नाय गो. फक्त इटालियन तेवढं कळलं.”

निकालात त्या विशेष गुणवत्तेनं पास झाल्या. प्रमाणपत्राला चौकट करून आणली ती मधुकरभाऊंनी. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांना भाषण करायला सांगितलं, तर माइक हातात घेऊन ते एवढंच म्हणाले, “माझ्या वतीनं ही वाजवील.” वहिनींनी वाजवलं. शेवटचा सूर इतका हलका होता, की खुर्च्यांवरची माणसं पुढे झुकली. मग सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

दुसऱ्या दिवशी क्वार्टर सोडून ती दोघं गावी, वैशाखऱ्याला निघाली. सगळं सामान टेम्पोत चढलं, पण व्हायोलिन वहिनींनी मागे ठेवू दिलं नाही. ते मांडीवर घेऊन त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या. माझे डोळे भरून आलेले त्यांनी पाहिले आणि खिडकीतून माझा हात धरला.

“पुढच्या परीक्षेला तू नको येऊस गो,” त्या म्हणाल्या. “मी जाईन एकटी.”