वाढवलेली बांगडी

देवी खरंच ऐकते का, हा प्रश्न मला उभ्या जन्मात पडला नव्हता. तो वाशीच्या हॉस्पिटलात पडला. आमच्या ह्यांचा न्यूमोनिया इतका वाढला होता की श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायच्या. नाकात रुंद नळी बसवली होती. सिस्टर म्हणाली, "मशीन पाणी गरम करून उबदार, ओलसर हवा देतं. छातीचे कष्ट कमी होतात. एवढ्यानं भागलं नाही, तर घशात नळी घालावी लागेल."

सानपाड्याहून निघताना मी देव्हाऱ्यातली तीर्थाची बाटली पिशवीत टाकली होती. गावदेवीच्या जत्रेतलं तीर्थ. आमच्यात आजाऱ्याच्या तोंडात ते घालतातच. पण ह्यांना पाण्याचा घोटही बंद. माझी नजर मशीनच्या पाण्याच्या भांड्यावर गेली. म्हटलं, हीच वाट! देवी थेट श्वासात जाईल. सिस्टर पलीकडे वळली तशी मी भांड्याचं टोपण उघडलं नि बाटली तिरकी केली.

तोच कुणीतरी माझं मनगट खसकन धरलं. हिरवी बांगडी वाढवली, काचा खाली पडल्या. ह्यांच्या उशाशी बांगडी वाढवली! मी किंचाळलेच.

बुरख्यातली एक बाई होती, कधी न पाहिलेली. "अगो बाय, काय करतेस? माझ्या भावालाही हेच मशीन हाय. ते पानी वाफ होऊन छातीत जातं. बघ तरी आधी!" तिने बाटली उजेडात धरली. झेंडूच्या पाकळीखाली अळ्या वळवळत होत्या.

अगं आई गं! जत्रेपासून ती बाटली देव्हाऱ्यात उघडीच होती, निघताना मी नुसतं टोपण लावलेलं. देवीच्या नावानं मी ह्यांच्या छातीत काय घालणार होते! मी खालीच बसले. भावाला भेटायला उरणहून आलेली ती बाई चुकून आमच्या वॉर्डात शिरली होती. तिने काचा गोळा केल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गेली. नावही विचारायचं राहिलं.

ह्यांची नळी निघाली, हे चालत घरी आले. मी अजून हबकलेलीच आहे. आता देवीला वाट दाखवायला जात नाही. हात जोडते आणि गप्प बसते.

परवा नव्या बांगड्या भरताना त्या हातात एक कमीच ठेवली. कासारीण म्हणाली, "असं बरं नाही दिसत."

म्हटलं, "राहू दे गं. तिथं देवीची बोटं लागलीत."