पूर्ण खेळल्याशिवाय गुण नाहीत

मेश्राम सर गेल्याचं कळलं तेव्हा मी बुधवार पेठेत एका दुरुस्तीच्या दुकानात उभी होते. व्हिडिओ गेम खेळायचा सरांचा कंट्रोलर दाखवायला नेला होता, त्याचं डावीकडचं बटण आठवडाभर अडकत होतं. दुकानदाराने तो उघडला, आतला चिवड्याचा चुरा ब्रशने टेबलावर काढला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "खेळायला वापरता की खायला?" मी म्हणाले, "माझा नाही, आमच्या सरांचा आहे. वय एकाहत्तर." "मग त्यांना सांगा, या वयात एका वेळी एकच काम करावं." हे वाक्य सरांना जसंच्या तसं सांगायचं असं मी ठरवत होते, तेवढ्यात वैशालीचा फोन आला. वैशाली म्हणजे सरांची मुलगी. सर दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत... एवढंच ती बोलली. मी तशीच दुकानाबाहेर पडले. दुकानदार मागून आला, कंट्रोलर पिशवीत घालून माझ्या हातात दिला आणि पैसे न घेता परत गेला.

त्याला आता सहा आठवडे होतील. सर वाघोलीच्या आमच्या सोसायटीत माझ्या खालच्याच मजल्यावर राहायचे. मूळचे नागपूरचे. तिथल्या कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि त्यापेक्षा ज्याचा त्यांना जास्त अभिमान होता ते म्हणजे बारावीच्या उत्तरपत्रिकांचे नियामक म्हणून केलेलं काम. परीक्षकांनी तपासलेले पेपर जो पुन्हा बघतो आणि कुणी फार सढळ किंवा फार कंजूष झालं असेल तर कान धरतो, तो नियामक. पत्नी गेल्यावर ते मुलीकडे पुण्याला आले. वैशाली सरकारी नोकरीत, सकाळी निघाली की संध्याकाळीच परत यायची. दिवसभर सर, वर्तमानपत्र आणि गॅलरीतली तुळस असा संसार. माझी आणि त्यांची ओळख जिन्यात "काय म्हणता?" "काही नाही" एवढीच होती.

माझी ओळखही इथेच सांगून टाकते. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, बहुतेक घरूनच. मांजरी गावचा सागर माझा कॉलेजपासूनचा मित्र. आम्ही दोघं मिळून मराठीत व्हिडिओ गेमची परीक्षणं करणारं एक चॅनेल चालवतो. एक गेम, दोन मतं, प्रत्येकाचे दहापैकी गुण. लोक परीक्षणापेक्षा आमचं भांडण बघायला येतात हे आम्हाला माहीत होतं, आणि आम्हीही त्यात कमी पडत नव्हतो.

चार वर्षांपूर्वी एक गेम आला. त्याचं नाव देत नाही, त्याच्या चाहत्यांशी पुन्हा वाद नको. त्यात तुम्ही नावाडी असता. माणसं येतात, त्यांना नदीपलीकडे सोडायचं, परत यायचं. ना लढाई, ना शर्यत. वल्ही मारायची आणि बसलेला माणूस बोलेल ते ऐकायचं. यावर सगळीकडेच परीक्षकांचे दोन तट पडले होते. कुणी म्हणे हा या वर्षातला सर्वांत खोल अनुभव, कुणी म्हणे ही फसवणूक. मी नऊ गुण दिले, सागरने दोन. कॅमेऱ्यासमोर तो म्हणाला, "अनघाला कंटाळा आवडतो. तिला रांगेत उभं केलं तरी ती नऊ देईल." मी म्हणाले, "सागरला दर दोन मिनिटांनी कुणी मेलं नाही तर डुलकी लागते." इथवर नेहमीचंच होतं. कॅमेरा बंद झाल्यावर मात्र ते थांबलं नाही. चॅनेल कुणामुळे चालतं, कुणाच्या मतामुळे लोक सोडून जातात, इथपर्यंत गोष्ट गेली. सागर उठला आणि म्हणाला, "बास. आता तूच कर हे."

त्याने माझ्या घराचं दार उघडलं तर बाहेर मेश्राम सर उभे होते, हात घंटीपर्यंत गेलेला. ते म्हणाले, "काहून भांडून राहिले? मी खाली पेपर वाचून राहिलो होतो, तर ओळीमागून ओळ तुमचीच ऐकू येऊन राहिली."

आम्ही दोघंही ओशाळलो. सागरने काय झालं ते सांगितलं. गेमच्या गुणांवरून माणसं अशी भांडतात हे ऐकून सर हसतील असं मला वाटलं, पण ते चप्पल काढून आत आले आणि खुर्चीवर बसले. "नऊ आणि दोन? एकाच पेपरला?" त्यांनी विचारलं. "एवढा फरक असला तर पेपर नियामकाकडे जातो. आणा इकडे."

"सर, हा खेळावा लागतो," मी म्हणाले.

"मग खेळायला शिकवा."

अशा रीतीने मेश्राम सरांनी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कंट्रोलर हातात घेतला. पहिले दोन दिवस त्यांची नाव काठाला आपटून जागच्या जागी फिरत होती आणि आत बसलेली बाई धीराने आपली कहाणी सांगत होती. सर त्या बाईची माफी मागायचे. रोज दुपारी तीनला ते वर यायचे, मी दुसऱ्या टेबलावर माझं ऑफिसचं काम करायचे आणि ते वल्हवायचे. शेजारी एक वही असायची. परीक्षकाची शाई लाल आणि माझी हिरवी, असं म्हणत त्यांनी ठेवणीतलं हिरवं पेन काढलं होतं. नावेत कोण बसलं, काय बोललं, दुसऱ्या फेरीत तोच माणूस आला तेव्हा काय बदललं, सगळं तारखेनिशी. सागर येत नव्हता. चॅनेलवर तीन आठवडे काहीच नव्हतं, आणि ते बहुधा आता बंदच पडणार असं मी मनात धरून चालले होते.

एका दुपारी सरांनी खेळ संपवला. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "अनघा, शेवटच्या फेरीत नावेत कोण बसतं गं?"

मी म्हणाले, "शेवट फार सुंदर आहे, सर. म्हणजे सगळा प्रवास जिथे येऊन..."

"ते झालं. बसतं कोण?"

मला सांगता येईना. खरं असं होतं की आमच्याकडे तो गेम परीक्षणाच्या दोनच दिवस आधी आला होता. मी निम्म्याहून थोडा जास्त खेळले होते, पुढचं इतरांच्या परीक्षणांत वाचलं होतं, आणि 'शेवट अंगावर येतो' असं कॅमेऱ्यात बघून बिनदिक्कत सांगितलं होतं. सागर दुसऱ्या तासालाच थांबला होता, पण निदान त्याने तसं कबूल तरी केलं होतं. सर आता सागरला सांगतील, चॅनेलवर सांगतील, असं सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं.

सरांनी वही मिटली. "मी नवा परीक्षक होतो तेव्हाची गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "रोज अमुक पेपर झालेच पाहिजेत अशी घाई. एका पोराचं अक्षर वाईट. पहिली दोन पानं पाहिली, मनाशी ठरवलं की याला काही येत नाही, आणि पुढच्या पानांवर नुसती लाल रेघ ओढत गेलो. आमच्या नियामकांनी तो पेपर नेमका काढला. मला उभं केलं आणि म्हणाले, शेवटचं पान मोठ्यानं वाचा. सगळ्या खोलीसमोर मी वाचलं. त्या गठ्ठ्यातलं सगळ्यात चांगलं उत्तर होतं ते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू न वाचता नऊ दिले, त्यानं न वाचता दोन दिले. चूक एकच आहे. नऊ गोड लागतात, म्हणून कोणी विचारत नाही एवढंच."

"सागरला सांगणार का?" मी विचारलं.

"मी कायले सांगू? तू सांग."

मी त्याच संध्याकाळी मांजरीला गेले. सागरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आपण दोघंबी चोर." हसलाही. दुसऱ्या शनिवारी तो आला, आम्ही शेजारी शेजारी बसून तो गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलो आणि सर मागे खुर्चीत बसून चिवडा खात राहिले. शेवटच्या फेरीत नावेत कोण बसतं ते इथे सांगणार नाही. मला रडू आलं. सागर म्हणाला, "हे बरं होतं, पण ह्याच्यासाठी नऊ तास?" नव्या परीक्षणात मी आधीचं परीक्षण अर्धवट खेळून केलं होतं हे सांगितलं, त्यानेही सांगितलं. लोकांनी आठवडाभर आम्हाला यथेच्छ धुतलं. माझे गुण सात झाले, त्याचे चार. सरांनी पाच दिले.

"पाच?" मी म्हणाले. "सर, तुम्ही चष्मा पुसत होतात."

"चष्मा पुसला म्हणून दोन गुण वाढवत नसतात," सर म्हणाले. "आणि तुमच्यातला फरक राहू द्या की. बोर्डाला फरक चालत नाही, मला चालतो. फक्त पेपर पुरता वाचत जा."

त्यानंतर सर चॅनेलचे नियामकच झाले. प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी तिसरा चौकोन त्यांचा, हिरवा. त्यांची मतं कुणाशीच जुळायची नाहीत. एका तलवारबाजीच्या गेमला जगभरातून दहापैकी दहा पडत होते, सरांनी सहा दिले. कारण, "राजे एवढे मेले, पण त्या राज्यात लोक काय पिकवतात, काय खातात, एकदाही दाखवलं नाही. मी इतिहासाचा माणूस आहे, मला ते लागतं." उलट सगळ्यांनी टाकाऊ ठरवलेला बस चालवायचा एक गेम त्यांना इतका आवडला की त्यांनी आठ दिले आणि सागरला तोंडी परीक्षेसारखे प्रश्न विचारून विचारून त्याचे तिनाचे पाच करायला लावले. त्या बसमध्ये म्हातारी माणसं बसेपर्यंत चालकाला थांबता यायचं, आणि हे एकाही परीक्षकाने लिहिलं नव्हतं.

शेतीच्या गेमची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्यावर मी आणि सागर कधी नव्हे ते एकमताने खूश होतो. सरांना एकमताचा फार संशय. ते म्हणाले, "यात ऊस आहे, आणि तुझ्या घरी ऊस आहे. मग तुझ्या वडिलांना का नाही विचारत?" रविवारी आम्ही लॅपटॉप घेऊन सागरच्या घरी मांजरीला गेलो. सागरच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांनी पडवीत बसून पडद्यावर ऊस लावला. गेममधल्या चौथ्या दिवशी तो डोक्याएवढा झाला. आप्पांनी सागरकडे पाहिलं, मग सरांकडे. "ह्यो ऊस हाय का गवत?" ते म्हणाले. "अन् पाणी कोण देतंय ह्याला? पाळी कुणाची हाय?" सरांनी ते वहीत उतरवून घेतलं. आम्ही चहा घेऊन आलो तर आप्पा अजून खेळतच होते आणि सर त्यांना कोंबड्यांचं खुराडं कुठे बांधावं ते सुचवत होते. तासाभराने आप्पांनी निकाल दिला, "खोटं हाय सगळं. पण डोक्याला ताप न्हाय." त्यावर सर आणि आप्पांचंच जुंपलं. खोटं आहे म्हणून गुण कापायचे, की ताप नाही म्हणून वाढवायचे? दोघं संध्याकाळपर्यंत भांडले आणि निघताना आप्पांनी सरांच्या पिशवीत चार टिपरी ऊस घातला, खरा.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आप्पाही आले होते. भन्तेजींची वंदना झाल्यावर लोक सरांबद्दल दोन शब्द बोलले. कॉलेजातले जुने विद्यार्थी नागपूरहून आले होते. आमच्या चॅनेलचे विशी-बाविशीतले दहाबारा प्रेक्षकही आले, आणि त्यातल्या एकाने सरांनी एका गेमला चारच गुण दिले ते अजून पटलेलं नाही असं माइकवर सांगितलं. सगळे हसले, वैशालीही हसली. ती मला नंतर म्हणाली की नागपुरात आई गेल्यावर बाबा दोन दोन दिवस बोलायचे नाहीत, आणि इकडे माझ्याकडे खेळायला यायला लागल्यावर संध्याकाळी दार उघडताच "आज त्या अनघाचं काय चुकलं ते ऐक" अशी सुरुवात करायचे. माझ्या चुकांचा कुणाला एवढा उपयोग झाला असेल, हे मला ठाऊक नव्हतं.

सर गेले तेव्हा आम्ही तिघं एक नवा गेम तपासत होतो. डोंगरातल्या एका बंद पडलेल्या वेधशाळेची कथा आहे. यावरही परीक्षकांचं कडाक्याचं दुमत आहे, आणि सरांचं निम्मं खेळून झालं होतं. गेल्या आठवड्यात आम्ही परीक्षण टाकलं. माझे आठ, सागरचे तीन. हिरवा चौकोन ठेवला, त्यात आकडा लिहिला नाही. सरांनी किती दिले असते, असं लोक विचारत आहेत. वहीत त्यांची अठरा पानं टिपणं आहेत, त्यावरून अंदाज बांधता येईल. सागर म्हणतो सहा, मला वाटतं साडेचारच्या वर गेले नसते. पण पेपर पूर्ण झालेला नाही, तेव्हा तो आकडा कुणालाच देता येत नाही, हे आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं.

परवा रविवारी वैशालीने आम्हाला खाली चहाला बोलावलं. सरांच्या खोलीत तिने काहीच हलवलेलं नाही. खिडकीजवळची खुर्ची, वह्या, भिंतीवरची लहानशी बुद्धमूर्ती, समोर टीव्ही. चहा ठेवून ती सरांचा कंट्रोलर घेऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "हे सुरू कसं करतात ते दाखवा." सागरने टीव्ही लावला. सरांचा अर्धवट खेळ जिथे थांबला होता तिथून पुढे जायचं, की नव्याने सुरुवात करायची, असं पडद्यावर आलं. मी काही सुचवणार तेवढ्यात तिने नवीन खेळ निवडला. वेधशाळेच्या दारात उभा असलेला तिचा माणूस तीनदा भिंतीवर जाऊन आपटला. सागर म्हणाला, "उजवीकडं, ताई." मी म्हणाले, "नाही, आधी डावीकडे जा, तिकडे दिवा आहे."

वैशालीने आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "तुम्ही दोघं जरा शांत राहा," ती म्हणाली, "मला माझं बघू द्या."