झिग्मुंटने पुरलेली पिंपं

होलिस फॉल्सच्या गिरणीत झिग्मुंट ब्रोझेकसारखा रंगारी झाला नाही आणि होणारही नाही. टाक्यात आम्ल बरोबर पडलंय का, हे बाकीचे रंगारी कागद बुडवून बघायचे. हा बोट बुडवून जिभेला लावायचा. त्याची जीभ कधी चुकली नाही. शेवटी तिला कसलीच चव राहिली नाही, ते सोडा. नदी एकसारखी लालभडक वाहिली की गाव म्हणायचं, आज झिग्मुंटची पाळी.

गिरणी बुडाली, पाडली, नदीकाठी उद्यान झालं. पायवाटा आखल्या. दर रविवारी लोकांना हिंडवून नदीचा इतिहास कोण सांगतं? झिग्मुंटच. शाळा आठवी, पण कॉलेजातली पोरं आ वासून ऐकतात. सगळं सांगायचा. फक्त गिरणीच्या जुन्या चिमणीपासून साठ पावलांवर, फोरमनच्या हुकमावरून, त्याने स्वतः रंगाच्या गाळाची अकरा पिंपं पुरली होती, तेवढं नाही. शब्द दिला होता. ब्रोझेकांचा शब्द म्हणजे शब्द.

नेमकी तिथंच बर्चची झाडं उगवली, आणि त्यांच्या बुडाशी अळंबी. धाकटी विधवा बहीण इरेना त्याच्याच घरात राहायची. पानगळ लागली की ती टोपली भरून अळंबी आणायची, नाताळच्या सूपसाठी दोऱ्यात ओवून वाळवायची. झिग्मुंटला वाटायचं, झाडं आली, पाखरं आली, म्हणजे जमीन निवळली.

यंदा इरेनाच्या किडन्या गेल्या. महिन्याभरात माती तपासणारे आले, मातीत विष निघालं, पायवाट बंद झाली. त्या संध्याकाळी झिग्मुंटने इरेनाला पिंपांचं सांगितलं.

"कुठं पुरलीस?"

"बर्चांखाली. उद्या उद्यानाच्या ऑफिसात जाऊन जागा दाखवतो."

"माझ्या बर्चांखाली?"

"अगं, इतकी वर्षं झाली होती. मला वाटलं..."

"तुला वाटलं! सगळ्या गावाला शहाणपण वाटत फिरतोस दादा, आणि मी टोपली उचलली की म्हणायचास, जरा जास्तच आण."

"डॉक्टर म्हणालेत ना, कशानेही झालं असेल."

इरेना ऐकतच नव्हती. "हालिनाला दरवर्षी अळंबीच्या दोन बरण्या पाठवते मी. सहावा महिना आहे रे तिला."

हालिना तिची एकुलती एक लेक, शिकागोत. इरेनाने फोन त्याच्यापुढे सरकवला. "लाव. तूच सांग."

त्याने लावला.

"मामा! कसे आहात?"

"मी? घोड्यासारखा! या वयात चार मैल चालतो, तुझा नवरा चालेल का? थंडी पडली का तिकडं?"

"पडली की. आईची तब्येत काय म्हणतेय?"

"आई... आई बसलीये इथंच. ते नवं घर मिळालं का तुम्हाला?"

इरेनाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. चार वाक्यांत सगळं सांगितलं, आवाजही न चढवता. मग हालिना काय विचारते ते ऐकलं. झिग्मुंट टेबलाशी तसाच उभा होता.

"हो," इरेना फोनवर म्हणाली. "ठाऊक होतं त्याला."