गाडीला विचारून येतो

शेठने ट्रकच्या भाड्याचा आकडा सांगितला की तो लगेच हो म्हणायचा नाही आणि नाही असंही म्हणायचा नाही. "थांबा शेठ, गाडीला विचारून येतो," म्हणायचा आणि चाकं खोलायची लोखंडी टॉमी घेऊन बाहेर जायचा. दहाच्या दहा टायरांवर एकेक ठोका मारायचा, कान देऊन ऐकायचा. मग परत येऊन दारातच उभा राहायचा. "नाय म्हणते."

बाकावरचे ड्रायव्हर हसायचे. "काय रे, नवरी अजून लाजतेय का?"

"लाजत नाय, भाव करते."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी स्वतःचा नकार दुसऱ्याच्या तोंडी घालतात. मी त्याला पाहिलं ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. तिथे मी झाडू मारायचे, चहा करायचे. तो उरणकडचा. जमीन गेली, तिच्या पैशात थोडं कर्ज घालून त्याने ट्रक घेतला होता. मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. मला तो 'बाय' म्हणायचा. बाकीचे सगळे 'ए चहा' अशी हाक मारायचे, जणू मी आणि चहा एकच.

कमी भाड्याचं गणित त्याने मला एकदा स्टोव्हपाशी उभं राहून समजावलं होतं. "डिझेल सगळे धरतात, टोल धरतात. टायर झिजतो तो कोण धरतो? माझी झोप कोण धरतो? आणि जाताना कुणीबी देतो गो, येताना काय?"

'येताना काय?' हा त्याचा नेहमीचा प्रश्न. इंदूरला सळ्या उतरवल्या आणि तिथून परतीचं भाडं मिळालं नाही, तर स्वतःच्या डिझेलवर रिकामी गाडी हाकत यायचं. म्हणून जातानाच्या भाड्यातच येण्याचं निम्मं तरी सुटायला हवं, असं त्याचं म्हणणं. "एकदा कमीत गेलो का तोच माझा भाव. मग जास्ती मागायला तोंड राहत नाय."

मग एका वर्षी लोखंडाचा बाजार बसला. माल निघेना. गाड्या पार्किंगमध्ये ओळीने उभ्या राहिल्या, ड्रायव्हर सावली सरकेल तसे सरकत पत्ते खेळत बसले. एके दिवशी सगळ्यांनी ठरवलं, इंदूरला चोवीस हजारांच्या खाली कुणीही जायचं नाही. नारळ मध्ये ठेवला आणि त्यावर एकेकाने हात ठेवला. नारळ त्यानेच आणला होता.

त्याचे गाडीचे दोन हप्ते चुकले होते. तिसरा चुकला तर फायनान्सवाले गाडी ओढून नेणार होते. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याचा हात नारळावर पडला तेव्हा कुणी थट्टा केली नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी शेठच्या टेबलावर चहा ठेवत होते. शेठ फोनवर माल पाठवणाऱ्या पार्टीला सांगत होते, "एकतीस फायनल. गाडी आजच लावतो." फोन ठेवून त्यांनी त्याला आत बोलावलं.

"इंदूर आहे. एकोणीस."

"शेठ, चोवीस ठरलंय आमचं."

"तुमचं ठरलंय. पार्टीचं नाही ठरलं. मला काय सुटतं यात? उलट माझ्याच खिशातले जातात. बाहेर वीस गाड्या उभ्या आहेत, बघ बाबा."

वजाबाकी मला चौथीत असल्यापासून चांगली येते. बारा हजार.

तो म्हणाला, "गाडीला विचारून येतो." मी त्याचा चहा घेऊन मागोमाग गेले. तो मागच्या टायरांवर ठोके मारत होता. एका टायरवर त्याने दोनदा मारलं. माझ्या तोंडात शब्द आले होते. पण मागे काचेतून शेठ दिसत होते आणि नवऱ्याचं काम सुटल्यापासून माझं घर त्यांच्याच पगारावर चाललं होतं. मी म्हणाले, "साखर कमी पडली का बघा."

तो एक घोट प्यायला. "बरोबर हाय, बाय."

त्या दिवशी गाडी हो म्हणाली.

इंदूरला परतीचं भाडं मिळालं नाही. नऊ दिवस वाट बघून तो रिकामाच आला. हप्ता कसाबसा भरला गेला, पण बाकावर त्याला कुणी जागा करून देईना. एकजण एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी नारळ नको आणूस रे, शेंगदाणे आण. फोडायला सोपे."

तो हसला. वाईट हसला.

त्यानंतर कमी भाड्याचा माल आला की शेठ आधी म्हणायचे, "त्या उरणवाल्याला लाव फोन." तो यायचा आणि आकडा ऐकून दारातूनच "लावा" म्हणायचा. गाडीला विचारणं बंद झालं. सतरालाही गेला. मी दर वेळी ठरवायचे, आज सांगते. आणि दर वेळी आधीच्या खेपेपेक्षा जास्त उशीर झालेला असायचा.

टायर गुळगुळीत झाले. नवे घ्यायला पैसे नव्हते. शेवटी गाडी कुणी ओढून नेली नाही, तोच फायनान्सवाल्यांना नेऊन देऊन आला.

त्या संध्याकाळी मी पनवेलला जायला सहा सीटर रिक्षात बसले, तर समोर तो. मांडीवर केबिनमधली गादी गुंडाळलेली, पायाशी पिशवीत स्टोव्ह. स्टँडवरून उरणची एसटी धरणार होता.

रिक्षा सुटल्यावर म्हणाला, "बाय, पार्टी शेठला किती द्यायची गो, त्या पहिल्या इंदूरला? तुला म्हाईत असेल."

मी मांडीवरच्या डब्याकडे बघत म्हणाले, "एकतीस."

 तो म्हणाला, "एकतीस? मी अठ्ठावीस धरले होते."

मला वर बघवेना.

"मान नको खाली घालू. म्हाईत असतं तरी गेलोच असतो. हप्ता होता ना."

त्यानंतर तो मला कधी दिसला नाही. पण रिक्षातलं ते एक आठवतं. पुढे बस आडवी आली की रिक्षावाला ब्रेक मारायचा आणि त्याच्या जरा आधी समोर बसलेल्या याचा उजवा पाय, चपलेसकट, रिक्षाच्या पत्र्यावर घट्ट दाबला जायचा. स्टँड येईपर्यंत तो पाय तसाच दाबत राहिला.