शिडीची पेटी

हल्ली निवडणूक लांब असतानाच कोण पुढे, कोण मागे याचे अंदाज यायला लागतात, आणि माझा मुलगा ताट पुढ्यात ठेवून तेच बघत बसतो. त्याचा पक्ष मागे दिसला की घरात सुतक. मला मात्र दोन बरण्या आठवतात.

निजामाची मोगलाई संपली होती, पण औरंगाबाद अजून हैदराबाद राज्यातच होतं आणि पहिली निवडणूक यायची होती. माझे वडील रंगारी. लुगडी, फेटे, ओढण्या रंगवून द्यायचे. मास्तर त्यांचे जिवलग. निजामाच्या तुरुंगात दोघांनी एकाच कोठडीत दिवस काढलेले. ते मास्तर एका लहानशा पक्षाकडून उभे राहिले. त्यांची निशाणी शिडी. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, वर निशाणीचं चित्र. आडोशामागं जायचं आणि मताची चिठ्ठी आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. कपडा घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला वडील हे समजावून सांगत. लुगडं परत देताना विचारत, "पेटी कोणती?" बाई हसून म्हणायची, "शिडीची." मगच घडी तिच्या हातात पडायची.

अशात गुलमंडीवरच्या हॉटेलमालकाला हुक्की आली. त्यानं गल्ल्यावर बिस्किटांच्या दोन रिकाम्या बरण्या मांडल्या. एकीवर शिडी, दुसरीवर मोठ्या पक्षाची निशाणी. चहा पिऊन उठताना गिऱ्हाइकानं आपल्या पसंतीच्या बरणीत एक चिंचोका टाकायचा. आठवडाभरात मोठ्या पक्षाची बरणी गळ्यापर्यंत आली. शिडीच्या बरणीचा तळही झाकला नाही.

वडिलांनी हाय खाल्ली. दिवसातून दोनदा बरण्या बघून यायचे. हातचे रंग बिघडू लागले. एकीचं डाळिंबी लुगडं चक्क विटकरी निघालं.

आई म्हणाली, "अहो, बरण्या मालकाच्या नाकासमोर, अन् मालक मोठ्या पक्षाचा. लोकांचं भ्या अजून कुठं गेलंय? समोर बघून टाकतेत. अन् बाया जातेत का हाटेलात?"

"तुला त्यातलं काय कळतं," वडील म्हणाले.

याचा मला अजून राग येतो. मोगलाईत हेच वडील लुगड्यांच्या घड्यांत निजामाविरुद्धची पत्रकं घालून वाटायचे आणि त्याच हॉटेलात बसून सरकारची तारीफ करायचे. चारचौघांत दाखवायचं एक आणि मनात दुसरं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण मास्तरांवरच्या मायेपोटी त्यांची मती गुंग झाली.

अर्ज मागं घ्यायची मुदत संपत आली तेव्हा त्यांनी मास्तरांना आमच्या ओसरीवर बोलावून घेतलं. "मास्तर, तुमची फजिती मला बघवायची नाय. तुमाला लोक हसलेले मला लई लागंल. माघार घ्या."

मास्तरांनी विचारलं, "तुमाला तसं वाटतं?"

"व्हय."

मास्तरांनी माघार घेतली. दुसऱ्या कोणाचं त्यांनी ऐकलं नसतं.

हॉटेलात ही बातमी लगेच पोचली. बायकांना कोण सांगणार? वडिलांनी लाजेपायी तो विषय पुन्हा काढला नाही, आम्हालाही काढू दिला नाही.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांत आधी शेजारच्या मोहल्ल्यातली विणकराची बायको आली. तिनं ओढणीची गाठ सोडून चिठ्ठी पुढं केली. "भाई, तुम्हारी सीढी की पेटी नइच थी वहाँ. दुसरी में डालने कू दिल नइ हुआ." मागोमाग कुंभाराची म्हातारी आली. "हुडकून हुडकून थकले, बाबा. तुमचं तुमाला परत." मग एकेक करत बाया येतच राहिल्या. पदरांच्या गाठी सुटत होत्या आणि प्रत्येकीचा चेहरा ओशाळलेला. पेटी आपल्यालाच सापडली नाही, चूक आपलीच, असं त्यांना वाटत होतं. मास्तरांनी माघार घेतली होती, हे शेवटी आईनं सांगितलं.

मास्तरांना मी बोलावून आणलं. ओट्यावर चिठ्ठ्यांचा ढीग पडला होता. वडील रंगलेल्या बोटांनी एकेक उचलून मोजू लागले. मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं.

"नका मोजू," ते म्हणाले. "आता नका मोजू."

वडील ढसाढसा रडले. आईनं चिठ्ठ्या गोळा करून रंगाच्या हंड्याखालच्या जाळात घातल्या. दुसऱ्या दिवशी बाया लुगडी न्यायला आल्या, तेव्हा वडिलांनी मान खाली घालून घड्या त्यांच्या हातात दिल्या. विचारलं काहीच नाही.