लवूच्या मांगरातला वैमानिक

"बस व्हया तर, पण वरचा झाकण ओढू नको," असं बजावून लवू विहिरीवर आंघोळीला गेला, आणि मी ते ओढलं.

माझा हेतू शुद्ध होता. मला फोटो हवा होता, आणि झाकण उघडं असताना मी विमानात बसलेल्या वैमानिकापेक्षा घंगाळात बसवलेल्या आजोबांसारखा दिसत होतो. काचेचं झाकण डोक्यावरून सर्रकन आलं, खट्ट झालं, बसलं. फोटो झकास आला. मग मी झाकण मागे ढकललं. ते हललं नाही. पुन्हा ढकललं. मग लक्षात आलं की लवू गेले कित्येक महिने ज्याच्याशी झगडतो आहे, ते नेमकं हेच.

लवू आणि मी शाळेत एका बाकावरचे. पुढे त्याने उभी हयात एसटीच्या आगारात बसची दारं बसवण्यात घालवली. दार हा त्याचा जीव. लग्नाला गेला तर नवरानवरीला भेटण्याआधी वऱ्हाडाच्या गाडीचं दार उघडझाप करून बघणार. निवृत्तीनंतर त्याने एकच नवी गोष्ट हाती घेतली, ती म्हणजे जेवण, आणि तिचा परिणाम शर्टाच्या बटणांवर दिसू लागला.

अशात त्याचा पुतण्या जितेंद्र मासेमारीला गेला आणि त्याच्या जाळ्यात एका विमानाचं तोंड अडकलं. पंख नाहीत, शेपूट नाही. नुसता पुढचा भाग: एक खुर्ची, चार-पाच फुटकी घड्याळं आणि वर काचेचं झाकण. जुन्या महायुद्धातलं आहे, एवढं जाणकारांनी सांगितलं. कचेरीतून निरोप आला, "पुढून उत्तर येईपर्यंत सांभाळून ठेवा." ते उत्तर अजून पुढेच आहे. जितेंद्रने धूड काकाच्या मांगरात, म्हणजे गवत आणि शेणी ठेवायच्या खोपटात, आणून टाकलं आणि तो बांगड्यांच्या मागे निघून गेला.

आत गाळ होता, कालवं होती आणि एका बुटाचा तळ होता. एकाच. लवूने तो माडाच्या मुळाशी पुरला, वर फूल ठेवलं, आणि परत येऊन झाकणाकडे बघत बसला. मला म्हणाला, "बाबू, झाकण बंद होता रे. ह्यो भायर पडाकच नाय."

त्या दिवसापासून त्याने ते विमान दुरुस्तीला घेतलं. गोड्या पाण्याने धुऊन धुऊन खार काढला. पत्रे ठोकून सरळ केले, खुर्चीला बसच्या सीटचं हिरवं रेक्झिन चढवलं, घड्याळांना काचा बसवल्या. झाकण बाहेरून पहार लावली की उघडायचं. आतून मात्र नाही. आतली मूठ ओढली की कुठेतरी अडायची, आणि कुठे ते बघायला लवूला आत शिरता येत नव्हतं. पोट आड यायचं.

ठोके पहिल्यांदा ऐकले ते त्याच्या बायकोने, सुभद्राने. भर दुपारी, गाव जेवून लवंडलेलं असताना मांगरातून टक, टक, टक. तिला आधी मांजर वाटलं, मग उंदीर. मग एका दुपारी ती चहाचा कप घेऊन गेली आणि त्या खुर्चीपाशी ठेवून आली. ठोके थांबले नाहीत. तेव्हा तिने पिशवी भरली. "ह्यो तुमचो पावणो जाईसर मी ह्या घरात पाय ठेवचंय नाय," म्हणाली, आणि कसालला भावाकडे गेली.

साऱ्या गावाने लवूला शहाणपण शिकवलं. किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खोल्या चालवणारा दाजी तर टेम्पो घेऊनच आला. "माका दी. बागेत ठेवतंय, लोक फोटो काढतीत. तुझी बायल परत येतली, माझो धंदो चलतलो." लवू त्याला म्हणाला, "आतसून उघडाक लागला की ने. तोसर तेका तसोच कोंडून तुझ्या दारात नेवन ठेवू?" आणि स्वतःच्या हातचा, वरून करपलेला आणि आतून कच्चा भात जेवत राहिला. वरून करपवायला काय युक्ती लागते, ते मला अजून कळलेलं नाही.

तर अशा झाकणाखाली मी बसलो होतो. दुपार झाली होती. काच तापली. खाऱ्या पत्र्याचा वास घशात उतरला. विहिरीवरून कळशीचा आवाज येत होता, पण माझी हाक तिथवर जात नव्हती. समोरच्या काट्यांपैकी एकही कधीच हलणार नाही हे ठाऊक असून मी त्यांच्याकडे बघत होतो. मग मी काचेवर दोनदा ठोकलं.

ठोके तीन पडले.

तिसरा माझ्या पाठीमागे, खुर्चीच्याही खालून आला. उन्हाने पत्रा प्रसरण पावतो, हे मी मनाशी म्हटलं. विज्ञान फार धीर देतं, पण आपण झाकणाच्या बाहेर उभे असताना.

लवू ओल्या पंच्यानिशी आला.

"ओढलंस?"

"चुकान ओढला गेला रे."

"आणि दात इचकून फोटो काढलंस, तोय चुकान?"

"लवू, पहार लाव."

त्याने पहार हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि ती कोपऱ्यात ठेवून स्टुलावर बसला. "आता आसस थंय, तर जरा बघ. मूठ ओढलंस की खंय अडाकता?"

"माका गुदमारता हा."

"तेका पण गुदमारला आसतला. बघ."

फोनच्या उजेडात मी मान वाकडी करून बघितलं. मूठ ओढली की झाकण अडवणाऱ्या दोन खुट्या मागे सरत होत्या. पण डावीकडची आतल्या बाजूला वाकली होती, कुणीतरी सगळ्या ताकदीने ओढल्यासारखी. मी ते लवूला सांगितलं. मग समुद्राने खाल्लेल्या तळाच्या फटीतून त्याने पक्कड सरकवली. मला भिंतीत खिळा मारता येत नाही. मारला तर भिंत पडते. पण घामाने आंधळा होत, लवूच्या शिव्या खात, मी ती खुटी सरळ केली. मूठ ओढली. झाकण एका बोटाने मागे गेलं.

मग लवूने नारळ आणला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या झिलाचा नाव माका म्हायत नाय, गाव म्हायत नाय, कोणाच्या बाजून लढत होतो ताय म्हायत नाय. ता सगळा तू इचारून घे. पण तेका तेच्या घराकडे सुखरूप पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण बारीक.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा आली. दुपारी सुपात तांदूळ घेऊन मांगराच्या उंबऱ्यावर बसली आणि निवडता निवडता ऐकत राहिली. कावळे सोडून काही नाही. "गेलो," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "जेवान जावक व्हया होतो."

त्या आठवड्यात भात नीट शिजला. दाजीचा टेम्पो पुन्हा दारात लागला, पण लवूने एक अट घातली: झाकण कधीही लावायचं नाही, पावसातसुद्धा. दाजी डोक्याला हात लावून बसला. शेवटी मीच मध्ये पडलो.

"अरे, तो तर गेलो मा? मगे आता झाकण लावूक काय हरकत आसा?"

लवूने माझ्याकडे न बघता टेम्पोत चढवलेल्या विमानाची दोरी आवळली.

"तो एकटोच होतो, ह्या तुका कोणी सांगल्यान?"