गडग्याआतली पिकअप

आमची कलमांची रोपवाटिका रत्नागिरीहून जयगडकडे जाताना वाटेत लागते. आंबा, काजू, कोकम, सुपारी, जे कुणाला हवं ते आम्ही त्याच्या बागेपर्यंत पोचवून देतो. पोचवणारा आमचा तीनचाकी टेम्पो मात्र चढ आला की दमायचा. मग मी निम्मी कलमं रस्त्याच्या कडेला उतरवायची, टेम्पो वर न्यायचा, रिकामा करायचा आणि उरलेल्यांसाठी परत खाली यायचं. एकदा मी वर जाऊन येईपर्यंत खालच्या कलमांचे शेंडे गुरांनी खाल्ले होते. त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, जुनी का होईना, पण दणकट पिकअप घेऊया.

नवऱ्याला झाडांतलं सगळं कळतं आणि गाडीतलं काहीच नाही. मला गाडी चालवता येते, पण बॉनेट उघडल्यावर तिथे काय बघायचं ते माहीत नाही. म्हणून माझ्या मामांना सोबत घेतलं. मामांचं उभं आयुष्य मालवाहू बोटींच्या इंजिनखान्यात गेलं. निवृत्त झाल्यापासून हाताशी इंजिन नसल्यामुळे ते आमचा मिक्सर, शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप आणि समोर येईल तो प्रेशर कुकर तपासत असतात.

वेळणेश्वरच्या अलीकडे एका वाडीत एक पिकअप विकायची आहे, असं ओळखीच्या एका बागायतदाराकडून कळलं होतं. मालकाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, गाडी अजिबात वापरात नाय. घराबाहेरसुद्धा जात नाय." आम्हांला ते चांगलं लक्षण वाटलं.

जयगडच्या फेरीबोटीवर मामांनी मला शिकवायला घेतलं. जुनी गाडी घेताना इंजिन थंड असतानाच चालू करून बघायचं, कारण गरम इंजिन सगळे दोष लपवतं. पांढरा धूर येतच राहिला तर आत पाणी जातंय, निळा आला तर ऑइल जळतंय, काळा आला तर डिझेल नीट जळत नाही. समुद्राकाठच्या गाडीचा रंग बघायचा नाही, खाली झोपून चासी बघायची. प्रत्येक वाक्य मी परत म्हणून दाखवायचं, असा त्यांचा नियम होता, कारण बोटीवर हुकूम परत म्हणून दाखवल्याशिवाय तो पोचला असं धरत नाहीत. त्यामुळे पलीकडचा तवसाळचा धक्का येईपर्यंत मी भर गर्दीत "निळा धूर, ऑइल जळतंय" असं ओरडत होते आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई आमच्यापासून हळूहळू लांब सरकत होती.

वाडीत पोचलो. मालक माझ्याच वयाचा, अंगाने बारका, बोलायला मऊ. पूर्वी या गाडीतून तो हर्णेच्या बंदरावरून मासे आणायचा, आणि मासे नसतील तेव्हा चिरे वाहायचा. गाडी घरापुढच्या अंगणात उभी होती, धुतलेली, आरशाला झेंडूची माळ घातलेली, आणि तिचं इंजिन चालू होतं.

मामांनी बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. "ही गरम आहे," ते म्हणाले.

"पाहुणे येणार म्हणून सकाळपासून चालू ठेवलीय," मालक अभिमानाने म्हणाला.

मामांनी सांगितलं की गाडी पूर्ण गार झाल्याशिवाय ते तिच्याकडे बघणारसुद्धा नाहीत. आणि खरोखरच ते तिच्याकडे पाठ करून ओटीवर बसले. मालकाचा चेहरा पडला. त्याच्या बायकोने आम्हांला जेवायलाच बसवलं. सौंदाळे मासळीची आमटी होती. मामा दर दोन घासांनी उठायचे, आमटीचा हात उंच धरून डाव्या हाताने बॉनेट चाचपायचे आणि परत येऊन म्हणायचे, "अजून आहे." तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावल्यासारखं ते सगळं चाललं होतं, त्यामुळे घरातलं वातावरणही तसंच झालं. मालकाची बायको हळू आवाजात बोलायला लागली. थोड्या वेळाने तिने ओला पंचा आणून बॉनेटवर ठेवायची परवानगी मागितली. मामांनी ती नाकारली. मालक आतून टेबलफॅन घेऊन आला, तोही परत पाठवला. गाडीने आपली आपण गार व्हायला हवं, असं मामांचं म्हणणं पडलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा एकदाची ती गार झाली. मग मामांनी सतरंजी मागितली, गाडीखाली अंथरली आणि स्वतः आत सरकले. चासीला नवा काळा रंग दिसला. मालक म्हणाला, दसऱ्याला दिला. मामा म्हणाले, दसऱ्याला गाडीला हार घालतात, खालून रंग देत नाहीत. स्क्रूड्रायव्हरने ते जागोजागी खरवडत गेले. "डावा सांधा, गंज वरवरचा," असं खालून ऐकू आलं की मी वरून "डावा सांधा, गंज वरवरचा" असं म्हणायचं. मालकही नकळत माझ्याबरोबर म्हणायला लागला. मासे वाहून मागच्या हौद्याचा पत्रा एका कोपऱ्यात खारट पाण्याने खाल्ला होता. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे शाबूत होते. चासीवरचा नंबर मामांनी खालून वाचला, मी वरून कागदाशी ताडून पाहिला, आणि तो जुळला तेव्हा मालकाची बायको देवाला नमस्कार करून आली.

इंजिन पहिल्याच फटक्यात चालू झालं. धूर क्षणभर पांढरा आला आणि थांबला. मामांनी ऑइलचं झाकण काढून भोकावर तळहात धरला, वास घेतला, माझ्याकडे बघून मान डोलावली. मला आनंद झाला. मी म्हणाले, आता रस्त्यावर काढूया.

मालक आरशावरची माळ सरळ करायला लागला. त्याची बायको ताटं उचलायला म्हणून आत गेली, जी तिने केव्हाच उचलली होती. तेव्हा मी पहिल्यांदा नीट आजूबाजूला पाहिलं. अंगणाला चारी बाजूंनी जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा होता, छातीएवढा उंच. बाहेर जायला एकच बेडं होतं, बांबूचं, आणि त्यातून स्कूटर जेमतेम गेली असती.

"ही आत आली कशी?" मी विचारलं.

ती आत आली नव्हती. ती आतच होती आणि एका बाजूचा गडगा नंतर झाला होता. पलीकडचं घर मालकाच्या थोरल्या भावाचं, आणि गाडीची वाट त्याच्या अंगणातून. वाटणीनंतर दोघांचं बोलणं बंद झालं. थोरल्याने हद्दीवर गडगा घालायला माणसं लावली. गाडीसाठी जागा सोड, असं धाकट्याने सांगावं म्हणून तो वाट बघत राहिला. जागा सोडू का, असं थोरल्याने विचारावं म्हणून हा वाट बघत राहिला. गड्यांनी दोघांनाही विचारलं, गाडीचं काय करायचं. दोघांनीही सांगितलं, तुम्ही तुमचं काम करा. माणसं चांगली होती, त्यांनी काम केलं.

तेव्हापासून बॅटरी उतरू नये म्हणून मालक गाडी अंगणातच चालवायचा. तुळशीपासून न्हाणीपर्यंत पुढे, न्हाणीपासून तुळशीपर्यंत मागे. मामांनी लगेच मीटर पाहिला आणि मागे जाताना आकडा वाढतो का, असं विचारलं. मालकाला ते ठाऊक नव्हतं. दोघं आत बसून गाडी मागेपुढे करून बघायला लागले. मी ओटीवर बसून विचार करत होते की नवऱ्याला फोन करून नेमकं काय सांगायचं.

"आधीची गिऱ्हाइकं काय म्हणाली?" मी विचारलं.

"गाडी सगळ्यांना आवडते," मालक म्हणाला.

एकाने गाडी सुटी करून न्यायची तयारी दाखवली होती. एकजण क्रेनची चौकशी करतो म्हणून गेला होता, त्याचा फोन अजून यायचा होता.

एवढ्यात गडग्यापलीकडे एक माणूस वर आला. थोरला भाऊ स्टुलावर चढून शेवग्याच्या शेंगा काढत होता, पण त्या झाडाला शेंगा नव्हत्या. मामांकडे बघून तो म्हणाला, "मामा, त्याला सांगा, क्लच सोडताना थरथरते ते लपवू नको."

धाकटा माझ्याकडे वळला. "ताई, त्यांना सांगा, थरथर त्यांनी चालवली तेव्हापासूनची आहे."

दोघांमध्ये चार हातांचं अंतर होतं. तरी मी वळून थोरल्याला ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मामांकरवी उत्तर पाठवलं. बराच वेळ असं चाललं. मामांना हुकूम परत म्हणायची सवय असल्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं.

शेवटी मामा म्हणाले की भरल्या गाडीने चढ चढून पाहिल्याशिवाय ते हो म्हणणार नाहीत. भरायला काही नव्हतं आणि चढ गडग्याबाहेर होता. मी गडग्याकडे पाहिलं. त्याला सिमेंट नव्हतं, नुसते चिरे रचलेले होते. मी थोरल्याला म्हणाले, "दादा, गाडी जाईल एवढे चिरे काढू देता का? परत रचून देऊ."

"काढा की," तो म्हणाला आणि लगेच स्टुलावरून उतरला. पण गड्यांना हात लावू देणार नाही, मीच काढणार, अशी त्याची अट होती. धाकटा म्हणाला, ताई, त्यांना सांगा, गडग्याची अर्धी रुंदी माझ्या जागेत आहे, ती मी काढणार. मग पलीकडचे चिरे थोरल्याने उचलले, अलीकडचे धाकट्याने, आणि दोघांनी ते एकाच पिकअपमध्ये टाकले. पाटे किती बसतात ते मामा वाकून बघत होते. पुरेसे बसल्यावर त्यांनी हात वर केला. तोवर गडग्याला मोठं खिंडार पडलं होतं. एवढ्या कामासाठी गाडी इतका काळ आत होती.

मामांनी अर्ध्या जगाची बंदरं पाहिली आहेत, पण त्यांच्याकडे लायसन्स नाही. म्हणून मी चालवायला बसले. मध्ये मामा, दाराशी धाकटा. थोरल्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो मागे चिऱ्यांवर चढून बसला. आम्ही थोरल्याच्या अंगणातून रस्त्याला लागलो. रस्त्यावर आल्यावर धाकट्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि तो तसाच वाऱ्यात धरून ठेवला.

चढाला गाडी उत्तम चालली. क्लच थरथरला, तसं मागून टपावर थाप पडली आणि आवाज आला, "मामा, बघा." गाडी किंचित डावीकडे ओढत होती. त्यालाही थाप पडली. अर्धा चढ झाला आणि इंजिन एकदम बंद पडलं.

डिझेल संपलं होतं. काटा निम्म्यावर होता, पण तो कायमच निम्म्यावर असतो, असं मालक म्हणाला, आणि अंगणापुरतं डिझेल तो बाटलीने आणायचा. मी हँडब्रेक ओढला. तो सरळ वर आला, काही न धरता. इंजिन बंद असल्यामुळे पायाचा ब्रेकही दगडासारखा कडक झाला होता, आणि मी त्यावर अक्षरशः उभी राहिले तरी गाडी हळूहळू मागे जायला लागली. मामांनी माझ्या गुडघ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला. मी देवाचं नाव घ्यायचं सोडून "डावा सांधा, गंज वरवरचा" असं पुटपुटत होते, हे मला नंतर मामांनी सांगितलं.

मागून थोरला ओरडला, "अरे, उतर, चिरा घे. मागच्या चाकाला लाव."

धाकट्याने उडी मारली. थोरल्याने वरून चिरा दिला, त्याने तो चाकाखाली सारला. चिरा फुटला. दुसरा दिला. "आडवा नको, उभा लाव." त्याने उभा लावला. गाडी थांबली.

मी खाली उतरले. मामा शांतपणे म्हणाले, हँडब्रेक बघायचा राहिला होता. एक रिक्षा वर जात होती, तिने आम्ही दोघं डिझेल आणायला निघालो. भावांना गाडीपाशी ठेवलं.

परत आलो तर लांबूनच आवाज ऐकू आला. दोघं चाकाशेजारी रस्त्यावर बसून भांडत होते. मुद्दा त्यांच्या वडिलांनी तोडलेल्या एका फणसाच्या झाडाचा होता, ते कुणामुळे तोडलं याचा. आम्ही डिझेल ओतलं, गाडी चालू केली, तरी त्यांना आमच्यामार्फत काही सांगायचं नव्हतं. येताना दोघंही मागे चिऱ्यांवर बसले आणि वाडी येईपर्यंत भांडत राहिले.

गाडी आम्ही घेतली. इंजिन आणि चासी चांगली असेल तर बाकीचं बदलता येतं, असा मामांचा निकाल होता. कागदपत्रांचं काम झाल्यावर मी एकटीच ती आणायला गेले तेव्हा खिंडार तसंच होतं, आणि तिथून दोन्ही घरांच्या कोंबड्या जात-येत होत्या. हँडब्रेक दोन खटके वर ओढताच घट्ट धरत होता. मी धाकट्याला विचारलं, हा कुणी केला? तो म्हणाला, "मी नाय." थोरला शेवग्याखाली पाठ करून उभा होता. मी हॉर्न वाजवला तसा त्याने न वळताच हात वर केला.

घरी आले तेव्हा नवरा कलमांना पाणी घालत होता. त्याने पाइप खाली ठेवला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, कशी आहे? मी त्याला गडग्याचं सांगितलं, फणसाचं सांगितलं, चिरा उभा कसा लावला ते हाताने करून दाखवलं. पाणी वाफ्यातून वाहून वाटेवर आलं तरी मी सांगतच होते. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बरं," तो म्हणाला, "पण गाडी कशी आहे?"